आयर्लंडमधल्या लोकल निवडणुका : 'एक नंबर नाही तर निदान दोन नंबर तरी द्या'

उनाड_पाऊस

जानेवारीत महाराष्ट्रात महापालिकांच्या निवडणुका झाल्या त्या धाग्यावर मी जाता जाता लिहिलं होतं की इथे डब्लिनला मलाही नगरसेवकासाठी मत आहे, पासपोर्ट अजून भारताचाच असून. त्यावर बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं की हे कसं काय. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

तर आधी मुद्द्याचं. आयर्लंडमध्ये लोकल इलेक्शनला नागरिकत्व लागत नाही. अठरा पूर्ण आणि राहायला इथे, बास. वर्क परमिटवर असा, स्टुडंट व्हिसावर असा, आश्रय मागायला आलेले असा, मत देता येतं आणि हौस असेल तर उभंसुद्धा राहता येतं. हे काल-परवाचं नाही, १९७०च्या दशकापासून तरी आहे. त्यांच्या संसदेला (डॉल म्हणतात) मात्र आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांनाच मत, आणि युरोपियन पार्लमेंटसाठी युरोपियन युनियनच्या लोकांना.

शेवटची लोकल निवडणूक ७ जून २०२४ला झाली. शुक्रवार होता. ३१ कौन्सिलं, ९४९ जागा, एकाच दिवशी सगळ्या देशात. निकाल असा : फियाना फॉल २४८, फाइन गेल २४५, अपक्ष १८६, शिन फेन १०२, लेबर ५६, सोशल डेमोक्रॅट्स ३५, ग्रीन २३, इंडिपेंडंट आयर्लंड नावाचा नवा पक्ष २३, आणि बाकी किरकोळ. पहिल्या दोघांना मतं प्रत्येकी साधारण २३ टक्के. म्हणजे सगळ्यात मोठ्या पक्षालाही चारातलं एक मत नाही आणि तरी गावगाडा चालू आहे.

पण आकड्यांपेक्षा मला गंमत वाटली ती प्रचाराची. निवडणुकीच्या आधी एका संध्याकाळी बेल वाजली, दारात एक उमेदवार, पाऊस पडत होता, हातातली पत्रकं पार ओली. मी आपलं खरं ते सांगून टाकलं की आमच्या घरातलं पहिलं मत दुसऱ्या बाईंना ठरलंय, त्या आमच्या रस्त्याच्या क्रॉसिंगसाठी भांडल्या होत्या. मला वाटलं हा आता तोंड पाडून जाईल. तर नाही. म्हणाला, "त्या चांगल्याच आहेत, मग मला दोन नंबर द्या की." आणि वहीत काहीतरी खूण करून पुढच्या दारात. विरोधी उमेदवाराचं कौतुक करून मत मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि हा काही फार सज्जन होता म्हणून नव्हे, ती पद्धतच अशी आहे की दुसऱ्याच्या मतदाराला दुखवून चालत नाही. माझं म्हणणं एवढंच की इथल्या पक्षांचं वागणं समजायचं असेल तर जाहीरनामे वाचू नका, मतपत्रिका बघा. सगळं त्या एक-दोन-तीनमध्ये आहे.

---

गणिताचा_तास

छान धागा. पण ताई, ते एक-दोन-तीन नीट समजावून सांगा ना. म्हणजे मी एकाला मत दिलं आणि दुसऱ्यालाही दिलं तर माझी दोन मतं झाली की काय?

---

उनाड_पाऊस

नाही, मत एकच, पण ते फिरतं. आमच्या वॉर्डाला पाच जागा आहेत (वॉर्ड आपला माझा शब्द, अधिकृत नाव लोकल इलेक्टोरल एरिया, देशभरात १६६ आहेत आणि तीनपासून सातपर्यंत जागा असतात). मतपत्रिकेवर सगळे उमेदवार आडनावाच्या अक्षरांप्रमाणे, फोटोसकट. आपण पेन्सिलने आवडत्याला १, नंतरच्याला २, असं हवं तिथपर्यंत लिहीत जायचं.

मग कोटा काढतात. समजा १२,००० वैध मतं आणि ५ जागा, तर १२,००० भागिले ६, अधिक १, म्हणजे २,००१. ज्याने कोटा गाठला तो निवडून आला. आता त्याला २,६०१ मिळाली असतील तर ६०० जादाची झाली, ती वाया का घालवायची? त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या परत उघडून दोन नंबर कोणाला आहे ते बघतात. निम्म्या लोकांनी 'ब'ला दिला असेल तर त्या ६०० मधली ३०० 'ब'कडे जातात. कोणीच कोटा गाठला नसेल तर सगळ्यात खालचा बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. असं पाच जागा भरेपर्यंत. दहा-बारा फेऱ्या सहज होतात.

त्यामुळे पहिल्या फेरीत तिसरा असलेला शेवटी पडतो आणि सातवा असलेला निवडून येतो असं घडू शकतं. ज्याला कोणी फार जीव लावत नाही पण कोणाचा रागही नाही, असा माणूस इथे हळूहळू वर चढत जातो.

---

बापू_नगरकर

अहो हे तर आपल्याकडे आहे! विधान परिषदेला आणि राज्यसभेला आमदार असंच मतदान करतात, आणि पदवीधर मतदारसंघात तर तुम्हीआम्ही. मी स्वतः जांभळ्या पेनाने आकडे टाकून आलोय. २०२२च्या जूनमध्ये राज्यसभेला शिवसेनेचे संजय पवार पडले आणि धनंजय महाडिक आले ते दुसऱ्या पसंतीच्या जोरावरच. दहा दिवसांनी विधान परिषदेला काँग्रेसचे हंडोरे पडले, पहिल्या पसंतीचा उमेदवार असून. तेव्हा रात्रभर टीव्हीवर कोटा कोटा ऐकून घरच्यांचे कान किटले होते.

फरक इतकाच की आपल्याकडे ही पद्धत मुख्यतः आमदारांसाठी, आणि आमदारांना मतदानाच्या आधी हॉटेलात न्यावं लागतं. तिथे अख्ख्या गावाला कुठल्या हॉटेलात नेणार.

---

पेठेतला

बापू :)) पुण्यात आम्ही प्रभागात चार-चार बटणं दाबून आलो आणि तरी चारही कोण ते नंतर फ्लेक्स बघून कळलं. इथे पसंतीक्रम आणला तर लोक मशीनपुढे अर्धा तास उभे राहतील. बाकी ताई, पेन्सिल? युरोपात? पुढारलेला देश ना हा? मशीन नाहीत का?

---

उनाड_पाऊस

मशीनची गोष्ट तुम्हाला आवडेलच. २००२ला तीन मतदारसंघांत करून पाहिली, मग देशभरासाठी घेतली, मग शंका आल्या की मताचा कागदी पुरावा कुठाय आणि सॉफ्टवेअर कोणी तपासलं, आणि ती मशीन गोदामात जाऊन पडली. गोदामांचं भाडं भरत बसले. २०१२मध्ये भंगारात काढली. एकूण खर्च साधारण साडेपाच कोटी युरो, भंगाराचे आले सत्तर हजार. त्यानंतर तो विषय काढला की मंत्र्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आणि खरं सांगू, मोजणीची मजा पेन्सिलीमुळेच आहे. मला २०२४ला एका अपक्षाच्या एजंटचा पास मिळाला होता, शेजारीण त्यांच्यासाठी पत्रकं वाटायची तिच्या ओळखीने. स्पोर्ट्स हॉल, मध्ये लांबलचक टेबलं, टेबलाच्या आत कौन्सिलचे कर्मचारी आणि बाहेरून कठड्याला रेलून सगळ्या पक्षांचे लोक. पेटी उपडी करतात, कर्मचारी एकेक घडी उलगडून सरळ करतात, आणि त्या सेकंदाभरात कठड्यावरचा माणूस '१' कोणापुढे आहे ते बघून आपल्या तक्त्यावर रेघ मारतो. चार उभ्या, पाचवी आडवी. ह्यांना टॅलीमन म्हणतात. अधिकृत मोजणी सुरू व्हायच्या आधीच ह्यांच्याकडे कुठल्या शाळेतल्या कुठल्या पेटीत कोणाला किती पडली ते लिहिलेलं असतं. म्हणजे पुढच्या वेळी कुठल्या गल्लीत जास्त फिरायचं ते पण.

आणि हे ऐका, सगळे पक्ष मिळून करतात हे काम. एकटा माणूस सगळ्या पेट्या कशा बघणार, म्हणून फाइन गेलवाला ही पेटी घेतो, शिन फेनवाली ती, आणि दुपारी सगळे आकडे एकत्र करून सगळ्यांना वाटतात. माझ्या शेजारचा पंचाहत्तरीतला आजोबा टॅलीमन तर फियाना फॉलचा जुना माणूस, प्रतिस्पर्ध्याच्या पोरीला शिकवत होता की नावं वाचत बसू नकोस, कागदावर खूण कुठल्या उंचीवर आहे ते बघ.

---

मालवणी_बोंबील

वरदकरांचा नाव कोणीच कसा काढूक नाय? वराड आमच्या मालवण तालुक्यातला! २०१९च्या डिसेंबरात आयर्लंडचो पंतप्रधान असताना गावात इलेलो, अख्खो गाव जमलेलो. बापूस डॉक्टर, आवस आयरिश. तो पण नगरसेवक होतो मां आधी?

---

उनाड_पाऊस

होय होय, आणि त्यांची सुरुवात ह्या धाग्यासाठी अगदी फिट आहे. लिओ वरदकर १९९९ला इथल्याच फिंगल कौन्सिलला उभे राहिले, तेव्हा विद्यार्थी होते, पडले. २००३ला त्यांच्या पक्षाच्या बाईंची जागा रिकामी झाली तिथे कोऑप्ट झाले. हे कोऑप्टचं प्रकरण वेगळं आहे, कौन्सिलची जागा रिकामी झाली तर इथे पोटनिवडणूक होत नाही, ज्या पक्षाची जागा त्या पक्षाने नाव द्यायचं. मग २००४ला कॅसलनॉकमधून उभे राहिले आणि देशातली सर्वात जास्त पहिल्या पसंतीची मतं घेतली, कोट्याच्या जवळपास दुप्पट. २००७ला खासदार, २०१७ला पंतप्रधान. मार्च २०२४मध्ये राजीनामा जाहीर केला, म्हणजे मी सांगतेय ती निवडणूक ते पायउतार झाल्यावर दोन महिन्यांनी झाली, आणि फाइन गेलची धुरा सायमन हॅरिसकडे होती.

आणि आडनाव 'व्ही'वरून, म्हणजे मतपत्रिकेत पार तळाला! इथे ए-बी आडनावाला थोडा फायदा होतो म्हणतात, वरच्या नावाला सहज नंबर पडतो. तरी आले बुवा.

---

कॉर्ककर

इतकं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. मी कॉर्कला बरीच वर्षं आहे. मत आहे हे खरं, पण कशासाठी? इथल्या कौन्सिलच्या हातात आहे काय? पोलीस नाही, शाळा नाही, हॉस्पिटल नाही, पाणी आधी होतं ते राष्ट्रीय कंपनीकडे गेलं, कचरा बहुतेक ठिकाणी खाजगी गाड्या उचलतात. उरलं काय तर घरं, रस्ते, लायब्ररी, बागा, अग्निशमन, प्लॅनिंग. आणि त्यातही रोजचे निर्णय चीफ एक्झिक्युटिव्ह घेतो जो निवडून आलेला नसतो. म्हणजे आपला आयुक्त समजा, पण आयुक्ताला निदान महापौराचं तोंड तरी बघावं लागतं. २०१४ला गावोगावची ८० टाउन कौन्सिलं एका फटक्यात बंद केली, १,६००च्या वर नगरसेवक होते ते ९४९वर आले. आणि कोणी रस्त्यावर उतरलं नाही.

महापौर तर विचारूच नका, दरवर्षी नवा, गळ्यात साखळी आणि रिबिनी कापायच्या. पक्ष आधीच बसून ठरवतात, यंदा तुझा, पुढच्या वर्षी माझा.

---

बापू_नगरकर

हे वर्ष तुझं ते वर्ष माझं तर आपल्याकडे सव्वा-सव्वा वर्षाचं चालतं की ओ. त्यात काय नवीन.

---

उनाड_पाऊस

कॉर्ककर, तुमचं बरंचसं खरं आहे, युरोपात इतकी दुबळी लोकल सत्ता फार थोड्या ठिकाणी असेल. पण अगदीच शून्य नाही हो. कुठल्या शेतावर घरं बांधायला परवानगी आणि कुठल्या नाही, हा डेव्हलपमेंट प्लॅन नगरसेवक मतदानाने मंजूर करतात, आणि घरांची इतकी बोंब असलेल्या देशात ती छोटी गोष्ट नाही. घरपट्टी ठरलेल्या मर्यादेत वर-खाली करणं त्यांच्या हातात आहे. शिवाय वरचं सभागृह, सेनेट, त्यातल्या ६० पैकी ४३ जागांचे मतदार मुख्यतः हेच नगरसेवक आहेत. म्हणजे पक्षाला कौन्सिलात माणसं लागतातच.

आणि लिमरिकला २०२४लाच पहिल्यांदा लोकांनी थेट महापौर निवडला, जॉन मोरन, अपक्ष, अर्थखात्याचे माजी सचिव. पाच वर्षांची मुदत. डब्लिन-कॉर्कला पण तसं करा म्हणून मागणी आहे. कॉर्कच्याच लोकांनी २०१९च्या जनमतात थोडक्यात नको म्हटलं होतं ना? :P

---

कॉर्ककर

त्याची आठवण काढू नका :( हजारभर मतांनी गेलं ते.

---

झिम्मा

मी लिमरिकला मास्टर्स करायला आले होते तेव्हा खरंच मत दिलं होतं, विद्यार्थी व्हिसावर! घरी फोन करून सांगितलं तर बाबा म्हणाले तिकडे जाऊन भलत्या भानगडीत पडू नकोस. मला दोन मतपत्रिका दिल्या, एक महापौराची, एक कौन्सिलची. माझ्या मैत्रिणीला, ती पोलंडची, तिला तीन, कारण युरोपियन पार्लमेंटची पण होती. तिची ती तिसरी बघून मी हबकलेच, भरतकामाच्या पट्टीसारखी लांब. आमच्या साउथ मतदारसंघाची ती, वर मिडलँड्स-नॉर्थ-वेस्टला तर २७ उमेदवार होते म्हणे.

एक विचारू का, जरा नाजूक आहे. आपल्या लोकांच्या विरोधातले पण उभे असतात ना? २०२३च्या नोव्हेंबरात डब्लिनला दंगल झाली तेव्हा मी घाबरून दोन दिवस बाहेर नव्हते पडले.

---

उनाड_पाऊस

असतात ना. २०२४ला बरेच होते, 'आयर्लंड भरलंय' असे बोर्ड घेऊन. परदेशी वंशाच्या उमेदवारांच्या पोस्टरची नासधूस, प्रचारात शिवीगाळ, हे सगळं झालं. २०२५च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले ते तुम्ही बातम्यांत वाचलंच असेल, तेव्हा सगळं आलबेल आहे असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण निकालात काय झालं ते बघा. एवढा गाजावाजा होऊन त्यांचे देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निवडून आले. इथेच ती दुसरी पसंती आडवी येते. त्यांना एक नंबर देणारे ठाम असतात पण बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांवर त्यांना दोन-तीन काही नसतं, कोरं. पहिल्या फेरीत पाचवा-सहावा असतो आणि मग फेऱ्यांमागून फेऱ्या तिथेच थांबून राहतो, बाकीचे त्याला ओलांडून जातात. शिवाय एकाच वॉर्डात तिघे-चौघे उभे राहिले आणि एकमेकांनाही नीट पसंती दिली नाही.

आणि दुसरी बाजू म्हणजे बेबी पेरेप्पाडन, मूळ केरळचे, टॅलामधून फाइन गेलतर्फे निवडून आले आणि त्याच महिन्यात साउथ डब्लिन काउंटीचे महापौर झाले. २००७ला पोर्टलीशला नायजेरियाहून आलेले रोटिमी अडेबारी महापौर झाले होते, ते पण आश्रय मागायला आलेले गृहस्थ.

---

कॉर्ककर

इथे मी थोडा असहमत. ते निवडून आले नाहीत हे खरं, पण त्यांच्या मतदाराची दुसरी पसंती हवीच आहे ना सगळ्यांना? तुमच्या दारात येऊन गोड बोलणारा माणूस पुढच्या गल्लीत जाऊन त्यांच्याशीही तितकंच गोड बोलतो. २०२४च्या वसंतात मोठ्या पक्षांची स्थलांतरावरची भाषा कशी कडक होत गेली ते आठवा. दुखवायचं नाही म्हणजे कोणालाच नाही, त्यांनाही नाही. आणि त्यामुळेच इथे कोणीच काही ठाम बोलत नाही. फियाना फॉल आणि फाइन गेल, १९२२-२३च्या यादवी युद्धात समोरासमोर असलेल्यांचे वारस, शंभर वर्षं आलटून पालटून राज्य केलं, २०२०ला एकत्र सरकारात बसले आणि मतदाराला फरक काय ते सांगता येईना. मी माझ्या आयरिश सहकाऱ्याला विचारलं, तू फियाना फॉलचा का? तर म्हणे आजोबा होते.

---

पेठेतला

आजोबा होते हे कारण आम्हाला शंभर टक्के पटलं आहे.

---

उनाड_पाऊस

हे मात्र बिनतोड आहे कॉर्ककर. गुळमुळीतपणा ही त्या पद्धतीची किंमत आहे. मला ती परवडते, कारण मी इथे बाहेरची आहे आणि ठाम बोलणारा निवडून आला तर पहिला तोटा माझाच. एखाद्या बेघर आयरिश माणसाला हाच गुळमुळीतपणा असह्य होत असेल, मान्य.

आणि घराणेशाही म्हणाल तर केरी काउंटीतलं हीली-रे घराणं बघा. आजोबा खासदार, दोन मुलगे खासदार, आणि तिसरी पिढी काउंटी कौन्सिलात. सगळे अपक्ष! पक्ष नसतानाही घराणं चालवून दाखवलं.

---

बापू_नगरकर

शिन फेनचं काय झालं ते सांगा की. २०२०ला पहिल्या नंबरची मतं म्हणून इथल्या पेपरात पण आलं होतं, आणि आता १०२?

---

उनाड_पाऊस

बापू, शिन फेनची कथा म्हणजे किती उमेदवार उभे करायचे ह्याचाच घोळ. एकाच वॉर्डात पक्ष दोन-तीन जण उभे करू शकतो, आणि ते एकमेकांचेच प्रतिस्पर्धी असतात. फार उभे केले तर मतं फुटून दोघेही लवकर बाद, कमी केले तर ढीगभर जादा मतं दुसऱ्याच पक्षांना जातात.

२०१४च्या लोकलला शिन फेनला १५९ जागा होत्या. २०१९ला आपटले, ८१. त्या धक्क्याने फेब्रुवारी २०२०च्या संसदेच्या निवडणुकीत हात आखडून उमेदवार दिले, आणि नेमकी तेव्हा लाट आली, २४.५ टक्के, सगळ्यांत जास्त. पण माणसंच उभी नाहीत! काही ठिकाणी एकच उमेदवार, कोट्याच्या वर केवढी तरी मतं, आणि ती वाहून छोट्या डाव्या पक्षांच्या पदरात. ३७ जागांवर थांबले. मग २०२४च्या लोकलला ठरवलं आता कमी पडायचं नाही, देशभर तीनशेच्या वर उभे केले, आणि तोवर लाट ओसरलेली, सुमारे १२ टक्के. आपलेच आपल्यांना आडवे गेले. १०२ म्हणजे २०१९पेक्षा जास्तच, पण सरकार आपलंच येणार म्हणणाऱ्या पक्षाला ती चपराक होती. गंमत म्हणजे पाच-सहा महिन्यांत संसदेची निवडणूक झाली त्यात परत सावरले, ३९ जागा. उलट ग्रीन, २०१९च्या लोकलला ४९ होते ते २३ झाले आणि संसदेत १२चे १ उरले. सरकारात धाकटा भाऊ होऊन बसलं की इथे मार खावा लागतो.

मोठे पक्ष तर वॉर्डाची वाटणीच करतात. ह्या अर्ध्या गावात पत्रक येतं, आमच्या अमुकला १ आणि तमुकला २, आणि नदीपलीकडच्या पत्रकात उलटं. मतं समसमान पडून दोघेही शेवटपर्यंत टिकावेत म्हणून. आणि तरीही रात्री गुपचूप पलीकडे जाऊन आपल्याच जोडीदाराची मतं पळवणारे असतातच. पक्षाच्या बाहेरच्यापेक्षा आतल्याशी मारामारी जास्त.

---

गणिताचा_तास

ताई, एक शंका राहिली. ते २,६०१ मधल्या ६०० चिठ्ठ्या द्यायच्या म्हणालात, तर नेमक्या कुठल्या? ज्यांचा तीन नंबर वेगळा असेल त्यांनी पुढे फरक पडेल ना?

---

उनाड_पाऊस

बरोबर पकडलंत. आयर्लंडच्या लोकल आणि संसदेच्या मोजणीत खरोखरच्या चिठ्ठ्या उचलून नेतात, गठ्ठ्यात वर असतील त्या. त्यामुळे तीन नंबरच्या बाबतीत थोडं नशीब लागतंच. फक्त सेनेटला अपूर्णांकाने करतात, तिथे मतदार थोडे.

---

बापू_नगरकर

आपल्याकडे आमदारांच्या मताला १०० मूल्य धरून अपूर्णांकाचाच हिशोब करतात. एक मुद्दा आपला सरस निघाला, लिहून ठेवा.

---

डच_वहिनी

नेदरलँड्सचं थोडं. आमच्याकडे युरोपियन युनियनबाहेरच्यांना पाच वर्षं कायदेशीर राहिल्यावर नगरपालिकेला मत मिळतं. पसंतीक्रम वगैरे नाही, चादरीएवढ्या कागदावर सगळ्या पक्षांच्या याद्या आणि लाल पेन्सिलीने एकच गोल रंगवायचा. आणि देशपातळीवरच्या पक्षांपेक्षा त्या-त्या गावापुरते पक्ष एकत्र धरले तर जास्त मतं घेतात. महापौर मात्र लोक निवडत नाहीत, नेमलेला असतो. दारात कोणी येत नाही फारसं, बाजारात उभे राहून गुलाबाची फुलं आणि फुगे वाटतात. तुमचा ओला उमेदवार मला आवडला.

---

झिम्मा

आता मी डब्लिनला शिफ्ट झालेय नोकरीसाठी, माझं नाव लिमरिकच्याच यादीत असेल ना? ते बदलायचं कसं?

---

उनाड_पाऊस

ऑनलाइन होतं, सरकारी वेबसाइटवर पीपीएस नंबर (इथला आधार नंबर समजा), जन्मतारीख आणि एअरकोड (घराचा पिनकोड) टाकायचा, पाच मिनिटांचं काम. जुन्या यादीतून ते आपोआप काढतात. यादीत आपल्या नावापुढे 'एल' लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त लोकल. पुढे नागरिकत्व मिळालं की तो बदलून घ्यायचा, तो मात्र आपोआप होत नाही, बरेच जण पासपोर्ट आला म्हणून खूश होतात आणि संसदेच्या निवडणुकीला केंद्रावर जाऊन परत येतात. पुढची लोकल २०२९ला आहे, पण आत्ताच करून टाका, कारण दारावर येणाऱ्यांच्या हातात जी यादी असते ती हीच. यादीत नाव नसलेल्या घराची बेल फारशी वाजत नाही. आमच्या रांगेत एका घरात सहा जण राहतात, आपलीच मुलं, एकाचंही नाव नाही, आणि वर तक्रार करतात की आमच्या बाजूचा दिवा कोणी दुरुस्त करत नाही. २०२४ला मतदान जेमतेम निम्मं झालं होतं, म्हणजे सहा मतं सुद्धा शेवटच्या जागेला जड असतात.

---

कॉर्ककर

बरं, घालतो नाव. पण मी एकालाच १ देणार आणि बाकी कोरं सोडणार. चालतं का?

---

उनाड_पाऊस

चालतं की, १ स्पष्ट असला की मत वैध. फक्त तुमचा माणूस तिसऱ्या फेरीत बाद झाला तर तुमची चिठ्ठी तिथेच संपली, आणि शेवटच्या जागेसाठी जे दोघे भांडत असतील त्यातला तुम्हाला नको तो आला तरी मग बोलायचं नाही.

---

कॉर्ककर

बोलणार तर आहेच. कॉर्कचा आहे मी.